कोट्यधीशांच्या संपाची कीव का करावी? (अमेरिकन फुटबॉल, मालक आणि खेळाडू)

ग्रीनबेचा गोट्या

मंडळी, गेल्या आठवड्यात ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाद झाला आणि मी निरुत्तर झालो, म्हणून हा धागा.

मी विस्कॉन्सिनमध्ये असतो. इथे ग्रीन बे पॅकर्स हा फुटबॉल संघ म्हणजे ग्रामदैवत आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांनी भिंतीवर पॅकर्सचा शेअर फ्रेम करून लावलाय, २०११ साली २५० डॉलर मोजून घेतलेला. लाभांश नाही, विकता येत नाही, त्यावर सामन्याचं तिकीटसुद्धा मिळत नाही. नुसता टांगायचा. एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) मधल्या ३२ संघांत हा एकच संघ असा, की ज्याला कुणी एक शेठ नाही, लाखो भागधारक आहेत.

विषय निघाला २०११ च्या टाळेबंदीचा. मी त्याच उन्हाळ्यात इथे आलो होतो, तेव्हा काही कळलं नव्हतं. मार्चपासून जुलैअखेरपर्यंत साडेचार महिने मालकांनी खेळाडूंना मैदानात काय, व्यायामशाळेतही पाऊल ठेवू दिलं नाही. धंदा तेव्हा वर्षाला सुमारे ९ अब्ज डॉलरचा. त्यातला एक अब्जाहून जास्त मालक खर्चापोटी आधीच बाजूला काढत आणि उरलेल्याची वाटणी होई. मालकांचं म्हणणं, आणखी एक अब्ज बाजूला काढू द्या, शिवाय मोसमात १६ ऐवजी १८ सामने खेळा. खेळाडू म्हणाले, आधी जमाखर्चाच्या वह्या दाखवा. त्या काही मालकांनी पूर्ण उघडल्या नाहीत.

मी आपलं बोलून गेलो, "एकीकडे अब्जाधीश, दुसरीकडे कोट्यधीश. भांडू देत, आपल्याला काय?" त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, साधा खेळाडू किती वर्षं खेळतो माहीत आहे का? खेळाडूंच्या संघटनेच्या हिशोबाने सरासरी ३.३ वर्षं. मग गुडघे घेऊन घरी.

तर प्रश्न असा: या लोकांच्या संपाला संप म्हणायचं का? आणि संप करून त्यांना कधी काही मिळालं का?

चहाबाज

हातात धरून पळायचं आणि नाव फुटबॉल. आधी हा वाद मिटवा, मग पगाराचं बघू.
(जागा धरून ठेवतो, शेंगदाणे आणलेत.)

कायद्याचं बोला

३.३ हा संघटनेचा आकडा. लीगवाले म्हणतात, पहिल्याच वर्षी मोसमाच्या सुरुवातीला संघात नाव लागलेला खेळाडू सरासरी सहा वर्षं टिकतो. दोघंही खोटं बोलत नाहीत, मोजमापाची पट्टी वेगळी. वाटाघाटीत आकडे असेच आपापला डबा घेऊन येतात.

सवडीने लिहितो. खरी गंमत संपात नाही, कोर्टात आहे.

डॅलसची दमयंती

आम्ही ८६ साली इकडे आलो. तेव्हा ना आंतरजाल, ना मराठी माणसं. ह्यांनी ऑफिसात चार शब्द बोलता यावेत म्हणून रविवारी फुटबॉल बघायला सुरुवात केली आणि मग तेच घरात शिरलं. त्यामुळे ८७ चा संप मी दिवाणखान्यात बसून पाहिलाय.

दोन आठवडे सामने झाले आणि २२ सप्टेंबरला खेळाडू बाहेर पडले. मागणी मुख्यतः एकच, करार संपल्यावर हव्या त्या संघात जाण्याची मोकळीक. तिसऱ्या आठवड्याचे सामने रद्द झाले. चौथ्या आठवड्यात बघते तर टीव्हीवर सामना चालू! तेच कपडे, तीच शिरस्त्राणं, आत भलतीच माणसं. मालकांनी आधीच तयारी करून ठेवली होती. सराव शिबिरातून वगळलेली पोरं, इतर नोकऱ्या करणारी, जी मिळाली ती उभी केली. आणि नुसते प्रदर्शनी सामने नव्हेत हं, निकाल गुणतक्त्यात धरले जाणार.

फिलाडेल्फियात जेमतेम चार हजार लोक आले, कारण ते संघटनावाल्यांचं शहर, ट्रकवाले कामगारसुद्धा खेळाडूंच्या बाजूने दाराशी उभे राहिले. आमच्या टेक्सासात संघटना या शब्दाला तितकासा मान नाही. आमच्या डॅलसच्या काउबॉइज संघाचे कारभारी टेक्स श्रॅम तर मालकांच्या बाजूचे मोठे लढवय्ये. त्यांनी खेळाडूंच्या पुढाऱ्याला, जीन अपशॉला, सुनावल्याचं सांगतात की आम्ही गुराखी, तुम्ही गुरं, आणि गुरं केव्हाही आणखी मिळतात.

मग एकेक मोठी नावं दाराशी उभ्या असलेल्यांना ओलांडून आत गेली. आमचे टोनी डॉर्सेट, रँडी व्हाइट, डॅनी व्हाइट. तिकडे जो मोंटाना. संघटनेचं कंबरडं तिथेच मोडलं. २४ दिवसांत संप आटपला. आणि सगळ्यात वाईट काय? खेळाडू गुरुवारी परत यायला तयार झाले, तर मालक म्हणाले मुदत बुधवारची होती, या आठवड्याचे सामने बदली पोरंच खेळतील, तुम्हाला पगार पुढच्या आठवड्यापासून. ह्यांचे साहेब दुसऱ्या दिवशी हसून सांगत होते. मला मेलीला हसू आलं नाही.

अवांतरकर

ताई, मस्त. वॉशिंग्टनचा किस्सा राहिला. त्यांचा एकही खेळाडू फुटला नाही, आणि त्यांच्या बदली संघाने तिन्ही सामने जिंकले. शेवटचा तुमच्याच डॅलसमध्ये, सोमवारी रात्री, १३-७. समोर काउबॉइजकडे आत गेलेले मोठे खेळाडू, आणि यांच्याकडे मध्येच मैदानात उतरलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा म्होरक्या) तुरुंगातून कामापुरती सुटका मिळालेला! त्या मोसमात वॉशिंग्टन सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकलं. बदली पोरांना विजेत्यांच्या अंगठ्या मिळाल्या, पण २०१८ साली. तीस वर्षांनी.

डॅलसची दमयंती

तो सामना मुद्दाम गाळला होता हो. ह्यांनी त्या रात्री जेवण टाकलं होतं.

लालबागकर

"बदली" शब्द वाचून थांबलो. वडील गिरणीत साचेखात्यात होते. आमच्याकडे बदली म्हणजे संपफोडा नव्हे. बदली म्हणजे ज्याच्याकडे बदलीचं कार्ड आहे, जो रोज पाळीला गेटवर उभा राहतो आणि कायमवाला गैरहजर असेल तर आत जातो. नाहीतर घरी. वडिलांनी कायम होण्याआधी अशी कित्येक वर्षं काढली. तेव्हा त्या पोरांना संपफोडे म्हणा, बदली म्हणू नका. एवढी विनंती.

बाकी एक तारीख बघा. एनएफएलचा आधीचा मोठा संप २१ सप्टेंबर १९८२ ला सुरू झाला, ५७ दिवस चालला. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाख माणसं. म्हणजे तिकडचे खेळाडू बाहेर पडले तेव्हा आम्हाला आठ महिने झाले होते, आणि ते आत गेले तेव्हाही आम्ही बाहेरच. आमचा संप रीतसर मागे घेतलाच नाही कुणी.

रोखठोक

लालबागकर, आदर ठेवून सांगतो, ही तुलना मला पटत नाही. गिरणी कामगाराच्या घरची भांडी मोडीत गेली. इथे किमान वेतनच लाखो डॉलर आहे. २०२० च्या करारात पहिल्या वर्षाच्या खेळाडूला किमान ६ लाख १० हजार डॉलर! तीन वर्षं खेळला तरी आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माची कमाई. याला शोषण म्हणायचं तर शब्दाचा अर्थच गेला.

लालबागकर

रोखठोक, मी गरिबीची तुलना केली नाही. वाट बघण्याची केली. गिरणीमालकाला वाट बघता येत होती, गोदामात न विकलेलं कापड पडून होतं. कामगाराला चार महिने गावच्या तांदळावर काढता आले, पुढे नाही. शेवटी कोण जास्त दिवस उपाशी राहू शकतो एवढाच प्रश्न असतो.

इलिनॉयचा इरसाल

+१. आणि तीन वर्षांच्या कारकिर्दीत एक मोसम वाया जाणं म्हणजे नोकरीतली दहा-बारा वर्षं बुडण्यासारखं. मालकाचं काय, संघ पोराला, नातवाला जातो. त्याला एक मोसम म्हणजे एक वर्ष. खेळाडूला एक मोसम म्हणजे आयुष्याची एकतृतीयांश कमाई. घड्याळ एकच, काटे वेगळे.

कायद्याचं बोला

सवड मिळाली. लालबागकरांच्या गोदामातल्या कापडावरून सुरू करतो, कारण २०११ मध्ये मालकांनी असंच कापड भरून ठेवलं होतं. टीव्ही कंपन्यांशी करार असे वाकवले होते की सामने झाले नाहीत तरी टाळेबंदीच्या वर्षात ४ अब्ज डॉलर मालकांकडे येणार. मिनेसोटाच्या न्यायाधीश डेव्हिड डोटींनी १ मार्च २०११ ला निकाल दिला, की जास्तीत जास्त उत्पन्न मिळवणं हे तुमचं खेळाडूंशी ठरलेलं कर्तव्य होतं, त्याऐवजी तुम्ही भांडणाची शिदोरी बांधलीत. बारा दिवसांच्या आत टाळेबंदी लागली.

आता मूळ प्रश्न, संपाने काही मिळालं का. १९७४ चा संप फसला. ८२ मध्ये मागणी होती एकूण उत्पन्नाच्या ५५ टक्क्यांची, ती मिळाली नाही, मोसम ९ सामन्यांचा झाला आणि काही पैसे पदरात पडले. ८७ ची वाताहत दमयंतीताईंनी सांगितलीच. म्हणजे संपाने फारसं नाही.

मग मोकळीक मिळाली कशी? इथे अमेरिकन कायद्याची गाठ आहे. एकाच धंद्यातल्या सगळ्या मालकांनी मिळून ठरवलं की कामगाराने कुणाकडे काम करायचं, तर एरवी तो मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग. पण कामगार संघटना आणि मालक यांच्यात वाटाघाटी चालू असतील, तर त्यातून आलेल्या बंधनांना त्या कायद्यातून सूट. ८७ नंतर संघटना कोर्टात गेली तेव्हा वरच्या कोर्टाने १९८९ मध्ये सांगितलं, वाटाघाटी फिसकटल्या तरी सूट लागू. थोडक्यात, संघटना आहे म्हणून मालक सुरक्षित!

तर यांनी काय करावं? स्वतःची संघटनाच मोडली. आता आम्ही संघटना नाही, सुटे खेळाडू. मग आठ खेळाडूंनी दावा लावला, पहिलं नाव जेट्स संघाच्या फ्रीमन मॅकनील यांचं. तेव्हा नियम असा होता की प्रत्येक संघ ३७ खेळाडूंना बांधून ठेवू शकतो, उरलेल्यांनी हवं तर जावं. १९९२ मध्ये मिनिआपोलिसच्या ज्युरीने तो नियम बेकायदा ठरवला. मालक टेबलावर आले, १९९३ चा करार झाला. खेळाडूला मोकळीक, आणि त्या बदल्यात संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा. त्याच वर्षी रेजी व्हाइट हे बडे खेळाडू गोट्याच्या ग्रामदैवताकडे १ कोटी ७० लाख डॉलरवर गेले. करार झाल्यावर संघटना पुन्हा उभी.

लालबागकरांनी आता हसावं की रडावं ते ठरवावं. मुंबईत कायद्याने एकच मान्यताप्राप्त संघटना होती, तिच्याशीच मालक बोलणार, आणि कामगारांना ती नको होती. इथे खेळाडूंना स्वतःचीच संघटना पायातला खोडा झाली, तर त्यांनी ती काढून ठेवली आणि काम झाल्यावर परत घातली.

लालबागकर

राष्ट्रीय मिल मजदूर संघ काढून ठेवता आला असता तर मी आज लालबागेतच राहिलो असतो. नावापुरता लालबागकर आहे, राहतो बदलापूरला.

चहाबाज

शेंगदाणे संपले. धागा मात्र भलताच सकस निघाला.

मडगांवचो

तुमचं अमेरिकेचं चालू दे, पण खरा, पायाने खेळायचा फुटबॉल बघा. आमच्या गोव्यात २०१६ साली साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीग सोडली, पाठोपाठ धेंपोनेही. त्याआधी मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंदच झाला. कुठला संप नि कुठली टाळेबंदी? मालकाने संघच गुंडाळला तर खेळाडू भांडणार कुणाशी? २०२५ मध्ये तर अख्खी आयएसएल (इंडियन सुपर लीग) लटकली. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार संपत आला, नव्याचं ठरेना, मोसम थांबवला. काही क्लबांनी पगार थांबवले आणि खेळाडू जाहीर विनवण्या करत बसले, आम्हाला खेळू द्या म्हणून. एनएफएलवाल्यांना निदान भांडायला शत्रू तरी धडधाकट मिळालाय.

अवांतरकर

मडगांवकर, अगदी बरोबर, आणि क्रिकेटमध्ये उलट. पैशाचा महापूर, पण सध्या खेळणाऱ्या भारतीय क्रिकेटपटूंची संघटना कुठे आहे? २०१९ ला इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली ती निवृत्तांसाठी. १९८९ आठवा. अमेरिकेत जाऊन परवानगीशिवाय सामने खेळले म्हणून बोर्डाने वेंगसरकर, कपिल, शास्त्री, अझर, मोरे, अरुण लाल अशा सहा जणांवर बंदी घातली. तेव्हाही सुटका कोर्टानेच केली.

रोखठोक

विषयांतर जोरात. क्रिकेट आलं, आता नाट्यसंमेलन येईल.

डॅलसची दमयंती

येऊ दे हो. मी मात्र २०११ ची एक गोष्ट सांगते. टाळेबंदीत खेळाडूंचा आरोग्य विमाही थांबला. चालू ठेवायचा तर हप्ता स्वतःच्या खिशातून. आमच्या ओळखीतल्या एका बाईंची मुलगी अशाच एका दुय्यम खेळाडूची बायको, तेव्हा सातवा महिना. कोट्यधीश वगैरे काही नाही. वर्षभर चार संघांतून हाकललेला, दर वेळी सामान गाडीत घालून नवं गाव. बाई माझ्याकडे येऊन रडायच्या. टीव्हीवर दाखवतात ते वरचे चार-पाच. खाली ही असली मुलं.

रोखठोक

ताई, हे माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा अर्धा शिल्लक आहे. त्या दुय्यम पोरांना बुडवलं कुणी? मालकांनी की त्यांच्याच नटसम्राटांनी? २०११ च्या टाळेबंदीविरुद्ध खेळाडूंनी लावलेल्या दाव्यात नावं कुणाची होती? ब्रेडी, मॅनिंग, ब्रीज. आणि करारात कापलं कुणाचं? अजून संघटनेत आलेच नव्हते अशा नव्या पोरांचं! २०१० च्या नव्या खेळाडूंच्या निवडीतला पहिल्या क्रमांकाचा सॅम ब्रॅडफर्ड ५ कोटी डॉलरच्या हमीवर आला. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून २ कोटी २० लाख. मतदानाला जो हजर नाही त्याचा खिसा सगळ्यात आधी कापतात. हे आमच्या सोसायटीच्या सभेतही बघितलंय.

इलिनॉयचा इरसाल

हा मुद्दा बिनतोड. पण २०२० मध्ये उलटं झालं बघा. मालकांना सतरावा सामना हवा होता, बदल्यात किमान पगार वाढवायला तयार. एरन रॉजर्ससारखे मोठे म्हणाले नको, शरीराची नासाडी. खालच्यांना पगारवाढ हवी होती. मत मोजलं तर १,०१९ विरुद्ध ९५९. साठ मतांनी सतरावा सामना आला. मालकांना दुहीची मशागत करावी लागत नाही, पीक आपोआप येतं.

कायद्याचं बोला

रोखठोक, २०११ मध्ये खेळाडूंनी पैशापेक्षा शरीर थोडं जास्त वाचवलं, हेही लिहा. दिवसातून दोनदा अंगावर जड साधनं चढवून सराव करायचा, तो बंद झाला. मोसमातले धडकाधडकीचे सरावही मोजून ठेवले. आणि १८ सामने टळले. उत्पन्नातल्या वाट्याच्या बाबतीत खेळाडू ४७-४८ टक्क्यांवर आले, म्हणजे मालकांची सरशीच. रद्द झाला फक्त एक सामना, ऑगस्टमधला कँटनचा प्रदर्शनी. मालकांना खरं उत्पन्न बुडायला लागणार होतं ऑगस्टपासून, आणि करार झाला २५ जुलैला. योगायोग नाही.

अवांतरकर

२५ जुलैच्या पत्रकार परिषदेचं चित्र शोधून बघा. न्यू इंग्लंडचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांची पत्नी पाच दिवस आधी वारली होती. शेवटच्या काळात बाई आजारी असताना हा माणूस वाटाघाटींना येत राहिला. खेळाडूंच्या वतीने बोलताना कोल्ट्सचे जेफ सॅटर्डे यांनी त्यांचे आभार मानले आणि मिठी मारली. जेमतेम माणूस मावेल असं ते क्राफ्ट, आणि त्यांना झाकून टाकणारा तो धिप्पाड गडी.

चहाबाज

आणि पुढच्याच वर्षी याच मालकांनी पंचांना टाळेबंदी केली! बदली (माफी लालबागकर, संपफोडे) पंच आणले. २४ सप्टेंबर २०१२, सिएटल वि. ग्रीन बे, शेवटचा चेंडू, एक पंच दोन्ही हात वर करतो (म्हणजे सिएटलला गुण), दुसरा हात हलवून घड्याळ थांबवण्याची खूण करतो. सिएटल १४-१२. दोन दिवसांत खऱ्या पंचांशी करार. गोट्याभाऊ, तुमच्या शेजाऱ्याला हे विचारा.

ग्रीनबेचा गोट्या

चहाबाज, विचारलं. तेव्हापासून बोलत नाहीत. :)

सगळ्यांचे आभार. सोमवारी इरसालभाऊंचं घड्याळ आणि वकीलसाहेबांची मोडून पुन्हा घातलेली संघटना, दोन्ही त्यांना ऐकवलं होतं. ते म्हणाले, वह्यांचं एक विसरलास. बाकी ३१ मालक वह्या उघडत नाहीत, पण आमचा संघ लोकांचा, म्हणून दर उन्हाळ्यात ताळेबंद जाहीर होतो. लीगकडून प्रत्येक संघाला सारखाच राष्ट्रीय वाटा येतो, तेव्हा एका संघाची वही वाचली की सगळ्यांची कळते. २०२४ च्या अहवालात तो वाटा ४० कोटी डॉलरच्या वर होता. संघटनेचे लोक तो अहवाल आला की आधी वाचतात म्हणे. त्या फ्रेममधल्या कागदाचा एवढा तरी उपयोग!

माझं मत निम्मं बदललंय. संप म्हणायचं, पण कीव नाही करायची. रोखठोक, तुमचा नव्या पोरांचा मुद्दा माझ्याकडे उरलाय, त्याचं उत्तर सापडलं नाही.

रोखठोक

माझ्याकडेही नाही. चालू करार २०३० च्या मोसमापर्यंत आहे आणि अठराव्या सामन्याची कुजबुज आत्ताच सुरू झालीय. तेव्हा धागा वर काढू.

लालबागकर

२०३० ला ताळेबंद आला की इथे टाका. वही वाचायला मला आवडेल. आमच्या गिरणीची कधी बघायला मिळाली नाही.

डॅलसची दमयंती

त्या मुलीचा तो मुलगा आता हायस्कुलात आहे. फुटबॉल खेळतो. आई नको म्हणत होती.